शर्वरीची आठ पानं

गोदाबाई गेल्याच्या एकोणिसाव्या दिवशी, दुपारी जेवण झाल्यावर, सूर्यभानला कळलं की पुस्तकाची शेवटची पानं नाहीत.

गोदाबाई नाही हे बडनेऱ्यात बहुतेक सगळ्यांना माहीत होतं. त्यासाठी माणसं आली, बसली, चहा पिऊन गेली. पानं नाहीत हे मात्र एकट्या सूर्यभानला कळलं. असं काही कळलं की तो पहिल्यांदा जिला सांगायचा, तीच घरात नव्हती. त्यानं पुस्तक उलटं धरून झटकलं. खाटेखाली वाकून पाहिलं. एकशे शहात्तराव्या पानावर शर्वरी लाल दिव्याच्या खोलीत उभी होती, तिच्या पर्समध्ये पिस्तूल होतं, इन्स्पेक्टर जयकर दार ठोठावत होता, आणि त्याच्यापुढे थेट वाचनालयाचा खाकी पुठ्ठा.

सूर्यभान फुलवाला. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत त्याचं दुकान, गावाबाहेर शेवंती-झेंडूचं अर्धं एकर. दुपारी दोन ते चार ही हार ओवायची वेळ. खरं तर हार गोदाबाईचे सुबक व्हायचे आणि सूर्यभानचे एका बाजूला कलायचे. पण ती सातवी शिकलेली आणि हा चौथी, म्हणून वाटणी अशी झाली की तिनं वाचायचं आणि यानं ओवायचं. बडनेऱ्यातल्या देवांनी छत्तीस वर्षं कललेले हार घातले ते यामुळे.

वाचायची ती फक्त रहस्यकथा. आणि पुडीचे कागद. सूर्यभान फुलांची पुडी बांधायला रद्दीचा कागद उचलायचा, की तिचा हात आडवा यायचा. "थांबा ना, हे वाचलं नाई मी." मग गिऱ्हाईक उभं राहायचं आणि गोदाबाई दोन वर्षांपूर्वीची विहिरीच्या मोटारीची जाहिरात शेवटपर्यंत वाचायची.

तिच्या रहस्यकथांमध्ये एक बाई ठरलेली असायची. ओठ लाल, साडी निळी, सिगारेट लांब, आणि तिच्याकडे पाहिलं की चांगल्या चांगल्या माणसांची वाट लागायची. गोदाबाईचा सगळा जीव त्या बाईत. दुसरी एक रडणारी, पांढऱ्या साडीतली नायिका असायची, तिची पानं ती भरभर वाचून टाकायची.

"अठ्ठावन पुस्तकं वाचली मी," ती म्हणायची, "अन् अठ्ठावनमंदी त्या बाईले मारलं. कोनी कड्यावरून पडली, कोनी सोताचंच जहर पेली, दोघी तं नुसत्या पश्चात्तापानं मेल्या. मी म्हंते, तिचा गुन्हा कोनता? खून तं तिचा मामाबी करते. त्याले निस्ती जेल."

"ते पुरुषायले नादी लावते ना," सूर्यभान म्हणायचा.

"ते लागतात कावून?"

यावर सूर्यभान हारात एक जादा फूल ओवायचा.

हे एकोणसाठावं पुस्तक, 'जहरी निशिगंध'. निशिगंध जहरी नसतो, हे सूर्यभाननं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण शर्वरी गोदाबाईला फार आवडली. "पाह्यजा तुमी, हे सुटते. हे काही मरणारी नोय," असं ती म्हणत होती, आणि सूर्यभान म्हणत होता की नाही सुटत, लिहिणाऱ्याला ते परवडत नाही. एकशे त्रेचाळिसाव्या पानात केसांचा आकडा खुणेला ठेवून ती चहा टाकायला उठली आणि चुलीपाशीच बसली. मग अमरावतीचा दवाखाना.

तिथं ती चार दिवस होती. तिसऱ्या दिवशी ती झोपेतून जागी झाली, आणि म्हणाली, "शर्वरी सुटली का हो?"

सूर्यभाननं पुस्तकाला हातही लावला नव्हता. पण तो म्हणाला, "सुटली."

"कशी?"

"रेल्वेत बसून गेली."

"कोनत्या गाडीनं?"

"मुंबईच्या."

"रिझर्वेशन होतं का?"

"होतं ना. खिडकीजवळचं."

गोदाबाई हसली. "बरं झालं माय," म्हणाली आणि झोपली. पुढं ती घरचं काही काही बोलली, पण पुस्तकाचं बोलणं ते शेवटचं.

आता सूर्यभान बायकोशी कधी खोटं बोलला नव्हता असं नाही. तंबाखू सोडल्याचं तो दरवर्षी सांगायचा. पण त्या थापा गोदाबाई संध्याकाळपर्यंत पकडायची, आणि पकडलेली थाप माणसाच्या मनावर राहत नाही. ही एकच थाप अशी, जी पकडायला तिला वेळ मिळाला नाही. म्हणून तेरवी झाल्यावर त्यानं पुस्तक हातात घेतलं, आणि अक्षराखाली बोट धरून दिवसाला सहा-सात पानं या वेगानं वाचायला लागला. शर्वरी सुटली असेल तर तो खरं बोलला होता. मेली असेल तर त्यानं बायकोला थाप मारून पाठवलं होतं. मधला काही मार्ग नव्हता, आणि आता पानंही नव्हती.

तो टोपी घालून वाचनालयात गेला.

पुंजारामजी तीस वर्षं त्या वाचनालयात कारकून. ते पुस्तकांवर प्रेम करत, फक्त ती कोणी घरी न्यावीत हे त्यांना आवडत नसे.

"हे कोनाच्या नावावर हाय?"

"गोदाबाईच्या."

"त्यायले पाठवा."

"त्या नाई येऊ शकत. वारल्या."

पुंजारामजींनी चष्मा काढला, डोळे मिटले, हात जोडले. मग चष्मा लावून त्यांनी रजिस्टर ओढलं. "मंग दाखला लागंन. अन् सभासद वारला का पुस्तक जमा करा लागते. पूर्ण. हे पाहा, देतानी आमी पानं मोजली. एकशे ब्याण्णव. शेवटचा फर्मा सोळा पानांचा, म्हंजे कागद आठ. ते तुमच्या घरी गेले."

"दुसरी प्रत हाय का?"

"ते फक्त सभासदाले सांगता येते."

म्हणून सूर्यभान सभासद व्हायला बसला. अर्ज दोन पानी होता. पत्ता, फोटो, ओळखीचे दोन इसम. शेवटी छापलं होतं: 'आपणास वाचनाची आवड कशी निर्माण झाली? पाच ओळींत लिहा.' सूर्यभान बराच वेळ पेन धरून बसला. मग लिहिलं, 'बायको वारली.'

पुंजारामजींनी अर्ज तपासला. "चार ओळी कमी पडून राहिल्या."

"तेवढंच हाय."

"ठीक हाय. कमिटीपुढं ठेवतो," पुंजारामजी म्हणाले, आणि का कोण जाणे, त्यांनी स्वतःच्या हातानं त्या चार ओळींवर आडवी रेघ मारली.

पानं कुठं गेली हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. सूर्यभान रतीबाच्या पुड्या बांधत होता. त्यानं रद्दीचा वरचा कागद उचलला आणि आपोआप थांबला, आडवा हात येईल म्हणून. हात आला नाही. त्यामुळं त्यानं कागद स्वतःच पाहिला, आणि एका पहाटे हे पाहणं राहून गेलं होतं ते त्याच्या ध्यानात आलं. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, पहाटे पाचला, आदल्या संध्याकाळीच गोदाबाईला भरती केलेलं, अशा वेळी त्यानं न पाहता पुड्या बांधल्या होत्या. पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्यावर पडलेलं होतं. जुनी शिलाई, शेवटचा फर्मा सुटून निघालेला. वरचे आठ कागद आणि रतीबाची घरं आठ. म्हणजे शर्वरीला त्यानं स्वतःच्या हातानं, शेवंती, दुर्वा आणि आघाड्यासकट, बडनेराभर वाटून टाकलं होतं.

दुसरा कोणी हात टेकून बसला असता. सूर्यभाननं टोपी घातली.

पहिलं घर शेजारचं, नत्थुजीचं. नत्थुजी मोझरीच्या भजनी मंडळातला जुना माणूस, आणि जगात असा प्रश्न नव्हता ज्यावर त्याच्याकडे दोन उपाय नव्हते. त्याच्याकडचं पान देवाजवळच्या समईखाली सापडलं. ते इतकं तेल प्यालं होतं की आरपार दिसत होतं. पुढचा आणि मागचा मजकूर एकाच वेळी वाचता येत होता, तोही एकमेकांत. त्यामुळं जयकर एका ओळीत पिस्तूल काढत होता आणि त्याच ओळीत चहा पीत होता.

नत्थुजीनं चष्मा लावून चार ओळी वाचल्या. "शर्वरी कोन हाय, सूर्यभानजी?"

"पुस्तकातली बाई हाय."

"अन् तुमी तिच्यासाठी दारोदार फिरून राहिले?"

"हो."

"मी काय म्हंतो, शेवट कायले पाहिजे? अशी बाई मरतेच. तुमी असं धरून चाला का मेली, अन् भजनाले या."

दुसरं घर नवीन वस्तीत, वकिलाचं. वकिलीणबाईंनी पान मसाल्याच्या डब्यात तळाला घातलं होतं. ते हळदीनं पिवळं झालं होतं, पण वाचता येत होतं. वकीलसाहेबांनी ते फुकट हातात दिलं नाही. आधी ताबापावती लिहून घेतली, 'मौजे बडनेरा येथील रहस्यकथेचे पान क्रमांक १८५-१८६, हळदीसह.' मग म्हणाले, "मरते ती. पुराव्याअभावी सोडायला ते काही कोर्ट नाही. पुस्तक आहे."

तिसरं पान रेल्वे क्वार्टरमधल्या प्राजक्ताकडे होतं. ही मुलगी अमरावतीला मराठी घेऊन एम.ए. करत होती, आणि तिनं ते पान आपल्या वहीत डिंकानं चिकटवलं होतं.

"काका, हे मी देऊ नाही शकत. माझा विषयच हा आहे. पुरुषाले भुरळ घालून त्याचा नाश करणारी बाई. ती सगळ्या देशांच्या गोष्टींत सापडते. पुराणात आहे, सिनेमात आहे, आता सिरियलमध्ये आहे. पुरुषांच्या भीतीतून तयार झालेलं पात्र आहे ते. म्हणून शेवटी तिला मारतात. ती मेली की वाचणाऱ्याची भीती जाते, अन् तो आरामात झोपतो."

सूर्यभाननं हे सगळं नीट ऐकलं. "गोदाबाईबी हेच म्हने," तो म्हणाला. "फक्त तिनं एम.ए. नोतं केलं." मग थोडं थांबून म्हणाला, "पन एखादी सुटली असंन ना? एखाद्या लिहिणाऱ्याले वाटलं असंन."

प्राजक्तानं वहीत पाहिलं. "मला तरी अजून नाही सापडली," ती म्हणाली. मग तिनं कोपऱ्यावर जाऊन पानाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून आणली, आणि पैसे घेतले नाहीत. "कळलं तर मला सांगा, काका. माझा एक चॅप्टर बदलावा लागेल."

चौथं पान निर्माल्यात गेलं होतं. विसर्जन होऊन गेलं तरी निर्माल्याचा कलश रिकामा न होता गणेश मंडळाच्या ताब्यात, आणि मंडळाचे अध्यक्ष तत्त्वाचे पक्के. देवाला वाहिलेली वस्तू परत देता येत नाही, त्याला कार्यकारिणीचा ठराव लागतो, असं त्यांनी सांगितलं. कार्यकारिणी बसली. एक सभासद म्हणाला, आज कागद मागतात, उद्या नारळ मागतील. दुसरा म्हणाला, बाई कोणत्या वळणाची आहे ते आधी पाहा. पाच विरुद्ध चार मतांनी ठराव पास झाला, आणि सूर्यभान बाह्या सारून कलशात उतरला, म्हणजे खांद्यापर्यंत उतरला. पान निघालं. ते त्यानं घरच्या दोरीवर, सुनेच्या साड्यांच्या शेजारी, चिमटा लावून वाळत घातलं.

असं करत आठ दिवसांत सात पानं जमली. एक पान एका घरात कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली होतं, एक पोथीत खूण म्हणून, आणि एक शिंपिणीनं ब्लाउजच्या बाहीच्या मापानं कापलेलं. राहिलं शेवटचं, १९१-१९२. ते आठव्या घरी, म्हणजे रेल्वेतल्या गार्डसाहेबांकडे असणार. पण गार्डसाहेबांच्या घरून वेगळंच कळलं.

"आमी तं त्या दिवशी इथं नोतोच," त्यांची बायको म्हणाली. "महालक्ष्म्या गावी असतात ना आमच्या. कुलूप होतं घराले."

"मंग पुडी?"

"मले काय माहीत, भाऊ. आमी आलो तं कडीले काहीच नोतं."

सूर्यभान आठवायला लागला. त्या चार दिवसांतलं त्याला काहीच धड आठवत नव्हतं. दवाखान्याचा जिना आठवत होता, आणि औषधाच्या दुकानातलं कॅलेंडर. बाकी सगळं धुक्यासारखं. म्हणून तो पुढं चालू लागला.

दोरीवरचं वाळलेलं पान १८९-१९० होतं. निम्मं पुसलं गेलं होतं. जे राहिलं होतं त्यात नदीवरचा पूल होता, एका बाजूला जयकर, दुसऱ्या बाजूला शर्वरीच्या खुनी मामाची माणसं, आणि मध्ये शर्वरी. खालून तिसरी ओळ स्पष्ट होती, 'लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली.' सूर्यभाननं ती ओळ तीन वेळा वाचली. पान संपत होतं ते असं: 'शर्वरीने पिस्तूल उचलले आणि'.

आणि.

इकडं गावात भलतंच सुरू झालं होतं. नत्थुजीनं भजनात सांगितलं, वकिलीणबाईंनी हळदीकुंकवात सांगितलं, मंडळाच्या ठरावात तर नावच आलं होतं. सांगता सांगता पुस्तक गळून पडलं आणि बाई राहिली. शर्वरी नावाची कोणी आहे. निळी साडी नेसते. सूर्यभान तिला शोधत फिरतो. बायकोला महिना झाला नाही. तिच्याकडे पिस्तूल आहे हेही लोकांनी सोडलं नाही.

सूर्यभानचा मुलगा गोपाल नांदगाव पेठेला कापडाच्या मिलमध्ये कामाला होता. त्याला हे मिलच्या बसमध्ये कळलं. तो संध्याकाळी घरी आला, डबा ठेवला, आणि बराच वेळ चपलेकडे पाहत उभा राहिला.

"बाबा, ते शर्वरी कोन हाय?"

सूर्यभानला राग आला. पासष्टाव्या वर्षी, पांढऱ्या टोपीत, मुलाला असं उत्तर द्यावं लागावं. तो उठला, सातही पानं आणून मुलापुढं ठेवली. एक तेलकट, एक हळदीचं, एक झेरॉक्स, एक बाहीच्या आकाराचं.

"हे हाय शर्वरी. पाहून घे."

गोपालनं पानं पाहिली. त्याला काहीच समजलं नाही. सूर्यभाननं मग त्याला दवाखान्यातलं सांगितलं. मुंबईची गाडी सांगितली, खिडकीजवळची जागा सांगितली. गोपालनं पानं खाली ठेवली. मोरीत जाऊन त्यानं बराच वेळ तोंड धुतलं.

सून आरती दारात उभी राहून ऐकत होती. "मामाजी," ती हळूच म्हणाली, "आईंची दवाखान्यातली पिशवी तशीच हाय खुंटीले. धुवाले टाकू का? तीनदा विचारलं तुमाले."

"राहू दे."

"भांडं-लुगडं असंन त्यात. वास येईन."

"राहू दे म्हनलं ना."

गोष्ट इथंच थांबली नाही. रविवारी चांदूर बाजाराकडचा एक गृहस्थ आला. नत्थुजीचा लांबचा नातेवाईक. त्यानं पाणी पिऊन खिशातून एक बायोडाटा काढला. बावन्न वर्षांची विधवा, स्वभाव शांत, आणि शेवटी पेनानं मुद्दाम लिहिलेलं, 'वाचनाची आवड आहे.'

सूर्यभाननं तो कागद हातात घेतला, नीट वाचला, घडी घातली. नत्थुजी भिंतीपलीकडून ऐकत होता, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "बाईले माझा नमस्कार सांगा. अन् तिच्याजवळ 'जहरी निशिगंध' असंन तं मले कळवा. नसंन तं राहू द्या."

त्याच आठवड्यात वाचनालयाच्या कमिटीनं त्याला सभासद करून घेतलं. पुंजारामजींनी कार्ड दिलं, रजिस्टर उघडलं, आणि आता कायद्यानं सांगता येत असल्यामुळं मोठ्या आवाजात सांगितलं की आपल्याकडे दुसरी प्रत नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पन अकोल्याच्या एका वाचनालयात होती. फोन केला मी काल. तिथल्या एका बाईनं नेली, अकरा वर्षं झाली, आनूनच नाई दिली. जठारपेठेत राह्यते. पत्ता घ्या."

मंगळवारी सूर्यभान बडनेऱ्याहून पॅसेंजरनं अकोल्याला गेला. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं. मांडीवर पिशवी, पिशवीत पुस्तक आणि सात पानं. पुलावरून गाडी गेली तेव्हा त्यानं खिडकीतून खाली पाहिलं. पुलावर उभी असलेली बाई गाडीत कशी चढेल याचा त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. गाडी फार हळू पाहिजे. पॅसेंजर असली तर जमेल.

कौशल्याबाई कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. ऐंशीच्या घरात, ताठ. त्यांनी सूर्यभानचं सगळं ऐकून घेतलं, त्याला 'बसा' म्हणाल्या, आणि कपाटातून पुस्तक काढलं. खाकी पुठ्ठा, तेच नाव. सूर्यभाननं हात पुढं केला.

"मी पुस्तक-निवड समितीवर होते," त्या म्हणाल्या. "मुलींच्या हातात जाऊ नये असं जे असेल ते मी घरी आणून दुरुस्त करत असे. हे दुरुस्त झाल्यावर द्यायचं राहून गेलं."

दुरुस्ती म्हणजे काय हे सूर्यभानला शेवटचं पान उघडल्यावर कळलं. १९१ आणि १९२, दोन्हींवर खाकी कागद चिकटवलेला होता. त्यावर सुंदर, गोल अक्षरात लिहिलं होतं, 'शर्वरीला आपल्या कृत्यांचा पश्चात्ताप झाला. तिने उरलेले आयुष्य गरीब मुलींना शिवणकाम शिकवण्यात घालवले. समाप्त.'

सूर्यभाननं ते दोनदा वाचलं. "हे तुमच्या अक्षरातलं दिसते."

"अक्षर माझं आहे. शेवट योग्य आहे."

"अन् खाली काय होतं?"

"मी कशाला वाचू? असली पानं मी न वाचताच चिकटवते."

"मंग तुमाले कसं समजलं का ते असली आहेत?"

कौशल्याबाईंनी चष्मा सारखा केला. चाळीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "तशी बाई आहे म्हटल्यावर," त्या म्हणाल्या, पण आवाज मघासारखा नव्हता. "मेलीच असेल ती."

"माही बायको म्हने, सुटते."

"का?"

"तिले वाटे."

त्यांनी पुस्तक त्याच्या हातातून घेतलं. मग उठल्या, गॅसवर पातेलं ठेवलं, आणि दोघं मिळून पुस्तकाला वाफ द्यायला लागले. एकानं पुस्तक धरायचं, एकानं नखानं कड उचलायची. अर्धा तास लागला. बाईंचा चष्मा वाफेनं पांढरा झाला, तरी त्यांनी पुस्तक सोडलं नाही. "सावकाश," त्या म्हणत होत्या, "ओढू नका, सावकाश." शेवटी खाकी कागद अलगद निघाला.

खाली जाळी होती. बाईंनी घरची मैद्याची खळ वापरली होती, आणि खळीच्या वासानं आलेल्या कसरीनं अकरा वर्षांत दोन्ही बाजूंचं पान चाळणीसारखं करून टाकलं होतं. आरपार ओटा दिसत होता. मजकुरातला एकच शब्द शाबूत राहिला होता. समाप्त.

कौशल्याबाई खुर्चीवर बसल्या. "माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या.

"नाई बाई," सूर्यभान म्हणाला. "तुमी एकच पान घालवलं. म्या आठ घालवली होती."

त्यांनी त्याला पोहे करून घातले. निघताना दारापर्यंत आल्या, आणि इकडं तिकडं पाहून म्हणाल्या, "तुम्हाला कुठं कळलं, तर मला एक पोस्टकार्ड टाका."

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. समोरच्या बाकावर एक बाई फुलं घेऊन बसली होती, कागदाच्या पुडीत. कोणाला तरी दवाखान्यात भेटायला निघाली असावी. सोबतचा माणूस तिला म्हणाला, "फुलं नाई नेऊ देत आतमंदी. काढून घेतात."

सूर्यभाननं मान वर केली.

गार्डसाहेबांच्या दाराला कुलूप होतं. कडीला अडकवलेली पुडी त्यानं परत काढली होती. फुलं कशाला वाया घालवायची. तीच पुडी शर्टाच्या खिशात घालून तो अमरावतीला गेला होता. गोदाबाईच्या उशाशी ठेवली होती. मग नर्सबाई आली आणि म्हणाली, वॉर्डात फुलं चालत नाहीत. तिनं पुडी सोडली, शेवंती ओंजळीत घेतली आणि बाहेर नेली. कागद गादीवरच राहिला. गोदाबाईनं तो हातात घेतला होता. ती तेवढं करणारच. तिनं उशाखालचा चष्मा मागितला होता, आणि सूर्यभाननं तो पुसून दिला होता. मग तो औषधं आणायला खाली उतरला.

हे पहिल्या दिवसाचं. शर्वरी सुटली का, हे तिनं विचारलं तिसऱ्या दिवशी.

सूर्यभान खिडकीबाहेर पाहत राहिला. कोनत्या गाडीनं, असं तिनं विचारलं होतं. रिझर्वेशन होतं का, असंही विचारलं होतं. तंबाखूची थाप पकडल्यावर ती जशी हसायची, तशीच ती तेव्हा हसली होती, आणि त्याला ते आता, मूर्तिजापूर आणि बडनेऱ्याच्या मध्ये, कळत होतं.

तो घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. आरतीनं पाणी दिलं. गोपालनं विचारलं, "सापडलं का, बाबा?" सूर्यभान म्हणाला, "कुठी हाय ते माहीत झालं."

त्यानं टोपी काढली आणि खुंटीजवळ गेला. दवाखान्यातून आणलेली निळी पिशवी तिथं लटकत होती. तिच्या तोंडाची गाठ गोदाबाईच्या हातची होती, दोन पदरी, हाराला मारायची तशी. चष्मा आत होता, तो बाहेरून हाताला लागला. त्याच्याजवळ एक घडी केलेला कागदही लागला.

सूर्यभान पिशवीवर हात ठेवून उभा राहिला. मग त्यानं हात काढला, आणि उद्याच्या रतीबासाठी शेवंती निवडायला बसला.

वाचनालयाचं पुस्तक जमा व्हायचं आहे, त्याची मुदत पुंजारामजींनी स्वतःहून वाढवून दिली आहे. अकोल्याला पोस्टकार्ड जायचं आहे, आणि प्राजक्ताचा चॅप्टर थांबला आहे. पिशवीची गाठ अजून सोडायची आहे.